गायींच्या आकड्यापासून सुरुवात करू नका : ‘गुमा’ समजावून सांगणाऱ्यांसाठी

इथिओपियातील ओरोमो समाजात खून झाल्यानंतर दोन घराण्यांमध्ये ‘गुमा’ या रीतीने समेट कसा घडवला जातो, हा विषय मी फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाच्या अभ्यासवर्गात पहिल्यांदा मांडला, तेव्हा पहिल्याच मिनिटाला फळ्यावर ‘१०० गुरे’ असा भरपाईचा आकडा लिहिला आणि त्या आकड्याने माझे सगळे व्याख्यान खाल्ले. गाय दुभती हवी की भाकड चालेल, गरिबाने एवढी गुरे आणायची कुठून, आजच्या भावाने रक्कम किती होईल, यातच तासभर गेला. शेवटी मागच्या बाकावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “आनी त्या मेल्ल्याच्या आवयक कोण विचारता?” (आणि त्या मेलेल्याच्या आईला कोण विचारते?) माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर हाच विषय मी आणखी काही ठिकाणी मांडला. गोव्यातील वाचनालयांत, महाविद्यालयांत किंवा देवळाच्या सभागृहात तो कुणाला मांडायचा असेल, तर माझ्या चुका त्याने पुन्हा करू नयेत, यासाठी हे टिपण आहे.

नावे आणि उच्चार

ओरोमो हा इथिओपियातील सर्वांत मोठा समाज असून त्याची वस्ती उत्तर केनियातही आहे. आर्सी, बोराना, गुजी, तुलामा, माचा, कराय्यू अशा त्याच्या अनेक शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेचे रिवाज थोडे वेगळे आहेत. म्हणून ‘ओरोमो लोक असे करतात’ हे वाक्य जपून वापरावे आणि शक्य तिथे शाखेचे नाव घ्यावे. जुन्या युरोपीय प्रवासवर्णनांत, विशेषतः पोर्तुगीज जेझुइटांच्या लिखाणात, या लोकांसाठी एक वेगळेच नाव आढळते. ते नाव ओरोमोंना अपमानास्पद वाटते. गोव्यात जुनी पोर्तुगीज पुस्तके चाळणारे वाचक अजून आहेत, त्यामुळे एखादा श्रोता ते नाव उच्चारण्याची शक्यता असते. त्याला नम्रपणे थांबवून आपण ‘ओरोमो’ हेच नाव चालू ठेवावे.

त्यांची भाषा १९९१ पासून ‘कुबे’ नावाच्या रोमन लिपीत लिहिली जाते. त्या लिपीत जोडस्वर दिसला की तो दीर्घ वाचायचा, एवढे लक्षात ठेवले तर निम्मे काम होते. देवनागरीत लिहिताना मात्र दोन गमती होतात. त्यांच्या शासनव्यवस्थेचे नाव ‘गदा’ असे लिहिले, तर आपल्या श्रोत्यांना भीम आठवतो, म्हणून मी ‘गडा’ लिहितो. समेटासाठी त्यांचा शब्द ‘अरारा’ आहे. तो उच्चारताच सभेत हसू उसळते, कारण मराठी माणूस हळहळताना नेमका हाच उद्गार काढतो. ते हसू येऊ द्यावे आणि मग शांतपणे अर्थ सांगावा, शब्द जन्मभर लक्षात राहतो.

गडाविषयी दोन-तीन वाक्ये पुरतात. ही वयोगटांवर आधारलेली व्यवस्था आहे. तीत दर आठ वर्षांनी सत्ता एका गटाकडून दुसऱ्याकडे जाते, सभा परंपरेने ओडा नावाच्या उंबराच्या जातीच्या मोठ्या झाडाखाली भरते आणि प्रमुखाला ‘अब्बा गडा’ म्हणतात. युनेस्कोने २०१६ मध्ये तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. याहून अधिक सांगण्याचा मोह टाळावा, कारण गडा हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि आपल्याला गुमाकडे वळायचे आहे.

कोणत्या क्रमाने सांगावे

‘गुमा’ या शब्दात खुनाची भरपाई, ती ठरवण्याची रीत आणि शेवटची शुद्धी या तिन्ही गोष्टी सामावतात. त्याचे भाषांतर ‘रक्तमूल्य’ असे करू नये, कारण त्या शब्दाने सगळे लक्ष मूल्याकडे जाते. भाषांतर न करता मूळ शब्दच ठेवावा आणि गोष्ट ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने सांगावी. पहिले अंतर, मग विनवणी, मग सत्य, मग भरपाई आणि सर्वांत शेवटी जेवण, असा तो क्रम आहे.

अंतरापासून सुरुवात का करावी, तर आपल्या श्रोत्यांना ते चटकन कळते. खून झाला की मारणारा आणि त्याचे जवळचे नातलग गाव सोडतात किंवा तिसऱ्या, तटस्थ कुळाच्या आश्रयाला जातात. दोन्ही घराणी एकत्र जेवत नाहीत, एका पाण्यावर येत नाहीत, बाजारात वा मयताला समोरासमोर येण्याचे टाळतात. ओरोमो भाषेत सूडाला ‘हालो’ म्हणतात, आणि सूड केवळ मारणाऱ्यावरच घ्यावा असे बंधन नसल्यामुळे भीती त्याच्या सगळ्या भावकीला असते. कुळाला ‘गोसा’ आणि त्यातील शाखेला ‘बलबला’ असे म्हणतात. बलबला म्हणजे शब्दशः दार. आपण ‘घराणे’ म्हणतो तेव्हा जे मनात असते तेच हे. भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, हद्दीवरून बोलणे बंद झालेली दोन घरे प्रत्येक गावात असतात, एक घर मांडावर, म्हणजे गावच्या उत्सवाच्या जागी, आले की दुसरे मागच्या वाटेने जाते. त्या अबोल्याची आठवण करून द्यावी आणि मग सांगावे की तिथे मध्ये हद्दीचा दगड नाही, प्रेत आहे.

इथेच सुतकाची तुलना कामी येते, पण ती अर्ध्यावर थांबवावी लागते. सांडलेल्या रक्ताने मारणारा आणि त्याचे घर अशुद्ध होते, नुसते कायद्याने दोषी ठरत नाही, ही कल्पना सुतकामुळे समजते. ओरोमो विचारात याच्या मुळाशी ‘सफू’ आहे, म्हणजे माणूस, निसर्ग आणि ‘वाका’ हा आकाशस्थ देव यांच्यातील योग्य संबंधांची मर्यादा. फरक असा की आपले सुतक दिवस भरले की आपोआप फिटते, तर हे अशुद्धपण कितीही वर्षे गेली तरी फिटत नाही. ते फेडण्यासाठी दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन काही करावे लागते. माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या एका फरकात आहे. तुरुंगातून शिक्षा भोगून परतलेल्या माणसालाही अनेक ठिकाणी गुमा पूर्ण करावा लागतो, याचे कारणही तेच आहे. शिक्षेने सरकारचे देणे फिटले, घराण्याचे तसेच राहिले.

मग विनवणी. ‘जार्सा बिया’ म्हणजे गावचे, मुलखाचे वडीलधारे. ते मृताच्या घरी जातात, तेव्हा त्यांची पहिली मागणी समेटाची नसून केवळ अवधीची असते, म्हणजे सूड घेऊ नका, आम्हाला बोलायला वेळ द्या. मृताचे घर त्यांना नकार देते. वडीलधारे पुन्हा जातात आणि पुन्हा नकार घेऊन येतात. श्रोत्यांना हे रेंगाळणे वाटेल. त्यांना सांगावे की पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणणे म्हणजे आपल्या मेलेल्या माणसाची किंमत कमी करणे होय, त्यामुळे नकार हा शिष्टाचाराचाच भाग आहे. या विनवण्या सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणतो आणि वेग कमी करतो, कारण प्रत्यक्षातही सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

दोन्ही बाजू बोलायला तयार झाल्या की सत्याचा प्रश्न येतो. कुणी मारले, जाणूनबुजून की चुकून, आधीचे वैर होते का, हे सभेत विचारले जाते आणि मुद्दाम केलेला खून व अपघाताने झालेला मृत्यू यांत फरक केला जातो. साक्षीदार नसेल किंवा नाकबूल केले जात असेल, तर ‘ककू’ म्हणजे शपथ घ्यावी लागते. खोटी शपथ घेणाऱ्याच्या वंशावर अरिष्ट येते, असा विश्वास तिच्यामागे आहे. मराठी श्रोत्याला इथे ‘बेलभंडार उचलणे’ एवढे दोन शब्द पुरतात. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या गोतसभा आणि दिव्ये ज्यांनी वाचली आहेत, त्यांना तर याहून जास्त सांगावे लागत नाही.

न्यायालयापेक्षा गुमा मुळात वेगळा होतो तो याच टप्प्यावर. आपल्या न्यायालयात आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे, आणि तो असावाच. गुमामध्ये मात्र मारणाऱ्याच्या बाजूने ‘होय, आमच्या हातून झाले’ असे म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, सरकारी वकील बोलतो, बचावाचा वकील बोलतो, पण ज्याचा मुलगा गेला त्याला समोरच्याच्या तोंडून हे एक वाक्य बहुधा कधीच ऐकायला मिळत नाही.

भरपाई त्यानंतर. आता फळ्यावर आकडा लिहायला हरकत नाही. आर्सी भागात पुरुषाच्या जिवासाठी परंपरेने १०० गुरांचा आकडा सांगितला जातो, बोरानांमध्ये ३० गुरांचा. प्रत्यक्षात वडीलधारे तो परिस्थिती पाहून पुष्कळ खाली आणतात आणि अलीकडे बऱ्याचदा रोख रक्कम दिली जाते. आकड्यापेक्षा तो कोण भरतो हे अधिक महत्त्वाचे आहे. ही गुरे मारणाऱ्याचे कुळ वर्गणी काढून जमवते, एकटा मारणारा ती देत नाही. ज्याच्या गोठ्यातली गाय दुसऱ्याच्या रागापायी जाते, तो पुढच्या वेळी त्या तापट पुतण्याचा हात वेळीच धरतो. भावकीचा असा धाक कायद्याच्या कलमाने निर्माण करता येत नाही. त्याच वेळी हेही सांगावे की निरपराध चुलत्याने का भरावे, हा प्रश्न आजचे तरुण ओरोमोही विचारू शकतात आणि तो रास्त आहे.

शेवटचा टप्पा शुद्धीचा. मेंढी किंवा दुसरे जनावर मारले जाते, त्याच्या रक्ताने सांडलेल्या रक्ताची अशुद्धी दूर केली जाते, हात धुतले जातात, वडीलधारे आशीर्वाद देतात आणि पुन्हा वैर उकरून काढणाऱ्यावर शापही उच्चारतात. गुजी ओरोमोंमध्ये या विधीला ‘गोंडोरो’ म्हणतात. तो शेजारच्या गेदेओ समाजाबरोबरच्या संघर्षांनंतरही झाला आहे. २०१८ मध्ये याच दोन समाजांच्या सीमेवर पुन्हा हिंसा होऊन लाखो लोक विस्थापित झाले. व्याख्यानात हे लपवू नये. विधी एकदा झाला की शांतता कायमची नांदते, असे कुणाच्या मनात राहिले तर दोष मांडणाऱ्याचा.

विधीनंतर दोन्ही बाजू एकत्र जेवतात. या क्षणावर थोडे थांबावे. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे ज्यांच्या सावलीला उभे राहिले नाही, त्यांच्याबरोबर एका जागी बसून पहिला घास उचलायचा असतो. आपल्याकडे ‘त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही’ असे म्हणतात. त्या वाक्याचा शेवट कसा होतो, हे या जेवणात दिसते. विधीचे नाट्यरूपांतर मात्र करू नये. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी हौसेने लाल रंग आणला होता. मी तो बाजूला ठेवायला लावला, कारण कुणाच्या तरी घरच्या खऱ्या मरणाचा तो विधी आहे, स्नेहसंमेलनातील नाटुकले नव्हे.

बायकांची काठी

वडीलधारे म्हटले की पुरुष आले, आणि गुमाच्या बैठकीत निर्णय घेणारे बहुतांशी पुरुषच असतात. काही ठिकाणी स्त्रीच्या जिवाची भरपाईही पुरुषापेक्षा कमी धरली जात असे. हे आपणहून सांगावे, श्रोत्याने उकरून काढण्याची वाट पाहू नये. पण चित्राची दुसरी बाजूही आहे. लग्नाच्या दिवशी आई मुलीला ‘सीन्के’ नावाची एक बारीक, सरळ काठी देते. ती काठी विवाहित स्त्रीच्या मानाची खूण आहे. हातात सीन्के घेतलेल्या बायका भांडणाऱ्या दोन गटांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, की हत्यार खाली ठेवावे लागते. त्यांना ओलांडून जाणे हा सफूचा भंग ठरतो. एखाद्या बाईवर अन्याय झाला, तर ती ‘इय्या सीन्के’ म्हणजे सीन्केची आरोळी देते आणि ती ऐकून गावच्या बायका घरातली कामे जागच्या जागी टाकून काठ्या घेऊन बाहेर पडतात. त्यांना समजावून घरी परत आणल्याशिवाय गावाचा व्यवहार सुरळीत होत नाही. आर्सी भागात खुनानंतर सूडाला आवर घालण्यासाठीही बायका अशाच पुढे येतात. धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या उत्सवात रात्री मांडावर बायकांचेच राज्य असते, हे पाहिलेल्या सत्तरी-सांग्यातील श्रोत्यांना ही काठी लगेच उमगते, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचा भाग

हा भाग थोडक्यात पण काटेकोरपणे सांगावा. इथिओपियाच्या १९६० च्या नागरी संहितेने त्या संहितेत येणाऱ्या विषयांवरील सगळे रूढीनियम रद्द केले. पुढे १९९५ च्या राज्यघटनेने दोन्ही पक्षांची संमती असेल तर व्यक्तिगत आणि कौटुंबिक तंटे रूढीनुसार सोडवायला मोकळीक दिली. ओरोमिया प्रदेशाने २०२१ मध्ये रूढी न्यायालयांना मान्यता देणारा कायदाही केला. तरीही खुनाचा खटला सरकारी न्यायालयातच चालतो आणि समेट झाला म्हणून शिक्षा माफ होत नाही. आरोपीने पश्चात्ताप दाखवला, नुकसान भरून दिले, याचा विचार शिक्षा ठरवताना होऊ शकतो, इतकेच.

गोव्यातील श्रोत्यांना या ठिकाणी आपलेच उदाहरण देता येते. पोर्तुगिजांनी १८६७ ची नागरी संहिता इथे लागू केली, पण १८८० मध्ये गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची वेगळी संहिताही काढली. एका राज्यकर्त्याने रूढी पुसली, दुसऱ्याने ती कागदावर गोठवली. कागदावर आलेली रूढी बदलत्या काळाबरोबर हलत नाही, हे गोव्यातील वकिलांना कुणी शिकवायला नको. गुमाचे वडीलधारे आकडा कमी-जास्त करू शकतात, कारण तो कुठल्या राजपत्रात छापलेला नाही.

यानंतर हमखास येणारा प्रश्न असा, की मग आपल्याकडेही असे का करू नये? उत्तर स्पष्ट द्यावे. भारतात खून हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खालील खटला लोकअदालतीपुढे जाऊ शकत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निवाड्यात सांगितले आहे की खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची कारवाई पक्षकारांच्या समझोत्यावरून रद्द करता येत नाही. भरपाईसाठी राज्याची पीडित भरपाई योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. श्रोत्यांत एखादे खरोखरच पोळलेले घर बसलेले असू शकते, म्हणून ही माहिती कागदावर लिहून न्यावी.

दोन प्रश्नांची तयारी

‘म्हणजे पैसे फेकून खून पचवतात ना?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. चिडू नये. पैसे फेकून प्रकरण दाबायचे असेल तर ते रात्री, बंद खोलीत आणि साक्षीदाराला गप्प करून दाबले जाते. गुमा दिवसाढवळ्या, दोन्ही कुळांसमोर आणि कबुली देऊन होतो. तिथेही श्रीमंत घराण्याला देणे सोपे जाते आणि गरिबाला ते पिढीभर पुरते, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य करावा.

दुसरा प्रश्न जातपंचायतीचा. महाराष्ट्राला वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला, हे श्रोत्यांना ठाऊक असते आणि ‘वडीलधाऱ्यांची सभा’ म्हटले की त्यांच्या मनात तेच चित्र उभे राहते. ही शंका निरोगी आहे. कोणत्या निकषावर फरक पाहावा ते सांगावे. मध्यस्थ तिसऱ्या कुळाचे आहेत का, दुखावलेल्या बाजूला ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक आहे का, आणि सभेचा रोख माणसाला बाहेर काढण्याकडे आहे की आत घेण्याकडे? गुमाचे प्रत्येक प्रकरण या निकषांवर उतरेलच असे नाही. श्रोत्यांनी निकष लावून पाहावेत, निकाल आपण देऊ नये.

आणि त्या आजींचा प्रश्न. आईला कोण विचारते? गुरे जातात मृताच्या घराण्याकडे, एकट्या आईच्या वा बायकोच्या हाती नाही. परंपरेने विधवेला नवऱ्याच्या भावाने किंवा जवळच्या नातलगाने पत्नी करून घेण्याची ‘धाला’ नावाची चाल ओरोमोंमध्ये आहे, त्यामुळे बाई आणि गुरे दोन्ही त्याच घरात राहतात, असा त्यामागचा जुना हिशेब आहे. त्यात बाईची इच्छा किती धरली जाते, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. पुढच्या वर्षी त्याच वाचनालयात मी हे उत्तर दिले, तेव्हा आजी पहिल्या बाकावर होत्या. त्यांनी मान हलवली आणि सीन्के कुठल्या झाडाची करतात, असे विचारले. ते उत्तर अजून शोधतो आहे.